दम आधी येतो, हाड मागून : सकाळच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून सकाळचा गट सुरू. वयं पस्तीस ते बासष्ट, सगळ्या बायका, साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला नाहीतर गोडोलीच्या बाजूला राहणाऱ्या. जमायची जागा ‘चार भिंती’ स्मारकाच्या खालचं वळण, वेळ सव्वासहा. सोळा आठवड्यांचा आराखडा असा: पहिले दोन आठवडे नुसतं चालणं, तिसऱ्यापासून मध्ये मध्ये मिनिटभर पळणं, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, रविवारी किल्ल्याची चढण ज्यांना झेपेल त्यांनी. एप्रिलअखेर पाच किलोमीटर न थांबता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आम्ही सोळाव्या आठवड्यात १५०ला पोचलो तरी मला पुरे आहे.

नोंदी ठेवायचं कारण लिहून ठेवते. जानेवारीत रस्ते भरतात आणि रथसप्तमी उलटली की रिकामे होतात. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘तिला कशात सातत्यच नाही.’ त्यातल्या कितीतरी जणी पुढे गुडघा नाहीतर टाच दाखवायला माझ्याकडे येतात. तेव्हा कळतं की सोडायला तसंच कारण होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. या वेळी जी थांबेल तिचं कारण त्याच आठवड्यात लिहायचं, असं ठरवलंय.

पहिल्याच दिवशी दोघींच्या बुटांचे तळ चालता चालता सुटले. दोन्ही जोड कपाटात चार-पाच वर्षं पडून होते, जवळपास न वापरलेले. काही बुटांत तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत विरत जातो. साताऱ्याचे चार-पाच पावसाळे खोक्यात काढल्यावर वरून नवा दिसणारा बूट पहिल्या किलोमीटरला भुगा होतो. आणखी तिघी मुलांचे जुने बूट घालून आल्यात. लांबी बरोबर, पण टाच आत हलते. सगळ्यांना सांगितलं: अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच घट्ट हवी, महागाचे घेऊ नका, आणि संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा.

९ जानेवारी

हजेरी निम्मी. कारण आळस नाही, थंडीही नाही. गोडोलीकडच्या गल्ल्यांत नळाच्या पाण्याची वेळ सहाची झालीय. पाणी भरायला घरात दुसरं कुणी उठत नाही, हे मी बदलू शकत नाही. वेळ बदलू शकते. दोन तुकड्या केल्या: पावणेसहा आणि सात. पावणेसहाला अंधार आणि कुत्री, म्हणून त्या तुकडीने क्रीडा संकुलाच्या बाजूचा दिव्यांचा रस्ता सोडायचा नाही आणि कुणी एकटीने पुढे जायचं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

रविवारी बहुतेक जणी किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत गेल्या. वर जाताना धाप लागली, उतरताना गप्पा रंगल्या. आज तिळगूळ द्यायला घरी आलेल्या दोघी आमच्या तीन पायऱ्या कठडा धरून आडव्या उतरल्या. “मॅडम, मांड्यांना हात लावू देत नाही बघा. चढताना काही वाटलं नाही, मग हे कुठनं आलं?”

ते उतारावरून आलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच ताणला जात असताना शरीराचं वजन आवरून धरतो, आणि त्या कामाची सवय नसली की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही; एक ते तीन दिवसांत कळस गाठतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं जिममध्ये सर्रास सांगतात, ते खरं नाही. लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात ओसरतं, मंगळवारपर्यंत ते थांबून राहत नाही.

गटाला निरोप पाठवला: हळूहळू चालत राहा, दाबून मालिश नको, उठसूट वेदनाशामक गोळी नको. लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद झाली किंवा मांडी सुजून टणक झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि येत्या रविवारी तोच उतार, निम्म्यापर्यंत. एकदा हे सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाने इतका दुखत नाही. ही गोष्ट बायकांना आधी सांगितली तर त्या दुसऱ्या रविवारी येतात. नाही सांगितली तर ‘मला झेपत नाही’ म्हणून घरी बसतात.

२१ जानेवारी

दुसऱ्या रविवारी खरंच कमी दुखलं. पण आज वजनकाट्यावरून रडारड. दोन आठवडे गोड बंद, रोज चालणं, आणि काटा एक-दीड किलो वर. बँकेतल्या ताईंच्या घरी सासूबाई म्हणाल्या, “चालून चालून जाडी झाली.” ताईंचा आवाज सांगतानाही कापत होता.

नीट समजावलं. व्यायाम सुरू झाला की स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठवायला लागतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. दुखावलेल्या स्नायूतही थोडं पाणी धरलं जातं. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, आणि ते चांगलं लक्षण आहे. एवढ्या दिवसांत दीड किलो चरबी वाढायला रोज पोटभर जेवणावर आणखी एक जेवण लागेल. गटाचा वजनकाटा मी आजपासून माझ्याकडे ठेवलाय. मोजायचंच असेल तर किल्ल्याच्या पहिल्या वळणापर्यंत किती वेळा थांबावं लागलं ते मोजू.

२४ जानेवारी

पळण्याचा पहिला आठवडा. नुसतं चालत होतो तोवर गट भरलेला होता. मिनिटभर पळणं सुरू झालं आणि पाच जणी दिसेनाशा झाल्या. फोन केले. कुणाकडे पाहुणे, कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या मुलीची परीक्षा. कारणं पाच आणि दिवस एकच, हे मनाला पटेना.

म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, पळताना काय त्रास होतो तेवढंच लिहायचं, आणि तिळगुळाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. न आलेल्यांच्या चिठ्ठ्या शेजारणींनी नेल्या आणि आणल्या. डबा घरी येऊन उघडला.

एक चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल: ‘पळताना लघवी सुटते. काळी सलवार असेल त्या दिवशीच येते.’ दुसरी: ‘धाकट्याच्या बाळंतपणापासून आहे. शिंकले तरी होतं. मला वाटलं हे सगळ्यांनाच असतं, सांगायचं काय.’ तिसरी: ‘घरातून निघाल्यावर दीड तास कुठेच सोय नाही. म्हणून उठल्यावर पाणीच पीत नाही. मग दिवसभर डोकं दुखतं आणि जळजळ होते.’ अशा आणखी होत्या. एका चिठ्ठीवर फक्त ‘तेच’ एवढंच लिहिलं होतं, म्हणजे त्या दोघींनी एकमेकींना विचारून लिहिलं असणार.

पाहुणे, कंबर, परीक्षा या सगळ्यांच्या मागे हे होतं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. गरोदरपण आणि बाळंतपण तिला ताणतात, पाळी जाण्याच्या काळात ती आणखी सैल पडते. पळताना प्रत्येक पावलाला वरून दाब येतो आणि ती तेवढ्या वेळात आवळली गेली नाही की थेंब निसटतात. यावर उपाय आहे, आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, त्यांच्याच नावाने तो व्यायाम आज ओळखला जातो. बऱ्याच जणींना त्याचा गुण येतो, पण नेमका स्नायू सापडावा लागतो आणि तीन महिने चिकाटी लागते. साताऱ्यात बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू घरोघरी मिळतात. हा व्यायाम किती जणींना कुणी शिकवला असेल?

२७ जानेवारी

आज पळणं नाही. माझ्या दवाखान्यात सतरंजी टाकून, दार लावून, सगळ्या बसल्या. आधी नेमका स्नायू ओळखायला शिकवलं: वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, मांड्या आणि कुल्हे सैल, श्वास चालू. खाली ढकलायचं नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. एका वेळी आठ वेळा आवळून धरायचं, दिवसातून तीनदा, तीन महिने. कुकर लावला की एकदा, दुपारची भांडी झाली की एकदा, रात्री आडवं झाल्यावर एकदा. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं.

सुरुवातीला सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. मग बासष्टच्या आजी म्हणाल्या, “माझं तर तीस वर्षं झाली. मी लग्नाला गेले तरी आधी मोरी कुठं ते बघते.” त्यानंतर अर्धा तास कुणी थांबेना.

आराखड्यात बदल: जागेवरच्या उड्या पूर्ण बंद. ज्यांना त्रास आहे त्यांनी पळण्याऐवजी चढावर झपाट्याने चालायचं, दम तेवढाच लागतो आणि दाब कमी पडतो. गटातल्या एका काकूंचं घर वळणालाच आहे; त्यांनी सकाळी सात ते आठ मागचं दार उघडं ठेवायचं कबूल केलंय. क्रीडा संकुलाच्या बाजूच्या तुकडीसाठी तिथलं स्वच्छतागृह पहाटे उघडावं म्हणून अर्ज लिहून दिला. ओटीपोटात जडपणा किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटणाऱ्या दोघींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

३० जानेवारी

चार जणी परत आल्या. पाचवीला घरून परवानगी नाही.

आज एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. शिक्षिका असलेल्या एका ताईंच्या मनगटावर मुलाने घेऊन दिलेलं घड्याळ आहे. ते सांगतं, ठोके फारच कमी, व्यायाम पुरेसा नाही, आणखी जोर लावा. ताई जोर लावत गेल्या आणि चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाबासाठी त्यांना बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे. ती गोळी हृदयाचे ठोके मुद्दाम वाढू देत नाही, ते तिचं काम आहे. वयावरून काढलेले ठोक्यांचे आकडे अशा माणसाला लागूच होत नाहीत. घड्याळ पिशवीत ठेवलं. गोळी चालूच राहील, पण अंधारी आली हे त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवायचं. यापुढे सगळ्यांना एकच माप: बोलता यावं, ओवी गाता येऊ नये. गाता आली तर वेग वाढवा, बोलता येईना तर कमी करा.

५ फेब्रुवारी

काल रथसप्तमी. एका सामूहिक कार्यक्रमात १०८ सूर्यनमस्कार होते, आणि गटातल्या बऱ्याच जणी उत्साहाने गेल्या. त्यांना नाही म्हणायचा माझा हक्क नाही, आणि मनही नाही. सूर्यनमस्कार हा तर आमच्या जिल्ह्याचा अभिमान. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रोज घातले आणि संस्थानच्या शाळांमध्ये मुलामुलींना घालायला लावले.

पण रोज बारा घालणारीने एकदम १०८ घातले की शरीर काय म्हणतं ते आज दिसलं. तिघींची मनगटं धरलीत, पातेलं उचलवत नाही. एकीच्या मांडीमागची शीर ओढली गेलीय. एकीची पाठ. एका नमस्कारात तळहातांवर भार कितीदा येतो ते मोजा, त्याला १०८ने गुणा, म्हणजे मनगटाचं दुखणं गूढ राहत नाही. हे स्नायूचं साधं दुखणं नाही, सांध्याचं आणि कंडऱ्यांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचं आहे. ते दोन-तीन दिवसांत जात नाही.

मनगटवाल्यांना दहा दिवस हातावर भार नको, चालणं चालू. परत सुरू करताना मुठी टेकवून, सहापासून. पुढच्या वर्षी रथसप्तमीला १०८ घालायचे असतील तर दिवाळी झाली की आठवड्याला थोडे थोडे वाढवत जायचं. हे आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

११ फेब्रुवारी

आजची सकाळ अजून अंगावर आहे.

गटातल्या पापड करणाऱ्या काकू नेहमी सगळ्यांत शांत. दुसऱ्या वळणावर त्या अचानक कुणावर तरी खेकसल्या. मी जवळ गेले तर “मला हात लावू नका, मी जाते माझी,” आणि उलट्या दिशेने चालू लागल्या. थंडी असून कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, ओढणीची गाठ सोडताना बोटं थरथरत होती. काकूंना मधुमेह आहे हे माहीत होतं. कठड्यावर बसवून बोटातून रक्त घेतलं: साखर ५८.

पिशवीत ग्लुकोजची पावडर असतेच. पाण्यात साधारण पंधरा ग्रॅम कालवून पाजली, पंधरा मिनिटं थांबलो, परत तपासलं: ८६. मग केळं आणि दोन बिस्किटं. तेव्हा कुठे काकूंनी माझा हात धरला आणि विचारलं, “मी काही वाईट बोलले का हो?”

त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे, जेवणाबरोबर घ्यायची गोळी. सकाळी परत जाऊन डबे करायचे म्हणून त्या हल्ली निघतानाच, रिकाम्या पोटी घेत होत्या. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, चालणारे स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि पोटात काहीच नाही. शिवाय व्यायामाचा हा परिणाम पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त टिकतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात रात्री घाम येऊन जाग आली होती तीही बहुतेक साखर उतरूनच.

काकूंच्या लेखी आजवर मधुमेह म्हणजे साखर वाढणं. व्यायाम करून ती खूप उतरू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी आज गोळीची मात्रा कमी केली आणि वेळ नाश्त्याबरोबर ठरवून दिली. ७० खाली साखर म्हणजे आधी गोड, मग बाकी सगळं, हे साऱ्या गटाकडून तोंडपाठ करून घेतलं. थरकाप, घाम, आणि स्वभावाबाहेरची चिडचिड: तिसरं लक्षण शेजारणीलाच आधी दिसतं, म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरवली.

१७ फेब्रुवारी

सहावा आठवडा संपला. सगळ्यांचा दम सुधारलाय, एकीचा सोडून. वय एकोणचाळीस, अंगाने बारीक, दिसायला सगळ्यांत तरतरीत. पहिल्या चढावर छातीत धडधड, पाय गळून जातात. परवा मागे एकजण म्हणाली, “ती अंगचोर आहे.” तिने ते ऐकलं. मीही ऐकलं.

रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.६. बाईला बारा तरी हवं. प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर जिद्द लावून फक्त हृदय जास्त धावतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे असा कुठलाही गट उभा केला तर त्यात अशा बायका असणारच. ‘अंगचोर’ म्हणणारीचंही रक्त तपासायला सांगितलंय, रागाने नाही, खरंच गरज वाटते म्हणून.

पाळीत सात-आठ दिवस जास्त जातं, असं त्या एकोणचाळीसच्या बाईने विचारल्यावर सांगितलं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात गाठ आहे. उपचार आता योग्य ठिकाणी सुरू झालेत. लोहाच्या गोळ्या चालू. गोळी चहाबरोबर नाही, चहा जेवणानंतर तासाभराने. लिंबू किंवा आवळा चालेल. शौचाला काळी होते, घाबरायचं नाही. तोवर तिने सपाटीवर, गप्पा मारत, वीस मिनिटं.

२१ फेब्रुवारी

दहावीचा पहिला पेपर. आया गायब. मार्चच्या मध्यापर्यंत असंच चालणार. त्यांना घरात करायचे दहा मिनिटांचे व्यायाम लिहून पाठवले: खुर्चीवरून उठबस, ओट्याला टेकून दंड, टाचा उचलणं.

१ मार्च

ज्याची भीती होती ते आलं, आणि गटातल्या सर्वांत चांगल्या धावणारीला आलं.

शेहेचाळीसच्या ताई, पूर्वी कधी पळालेल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळताना हसू यायचं त्यांना. आता वीस मिनिटं सलग जातात. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना इतकं हलकं वाटायला लागलं की सुट्टीच्या दिवशीही त्या एकट्या पळून येत होत्या. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातल्या मोहीची, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली, हे त्या नव्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात. सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात होणाऱ्या हिल मॅरेथॉनचं स्वप्नही बोलून दाखवलं होतं.

आज पळताना डावी नडगी दुखते म्हणाल्या. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, काल रात्री झोपेतही. बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. नडगीचं साधं दुखणं असेल तर ते कडेने लांबवर पसरलेलं असतं. इथे एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, बोट ठेवल्याबरोबर त्यांनी पाय ओढून घेतला. एका पायावर उडी मारायलाही जमेना. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्सरे स्वच्छ, सुरुवातीला तो असाच येतो. एमआरआयमध्ये हाडावर ताणाची इजा दिसली, पूर्ण चीर नाही. ड जीवनसत्त्व ११, वीसच्या वर हवं. साताऱ्याच्या उन्हात राहूनही.

हे का होतं ते आज संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, कारण या प्रकल्पातलं हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हृदय, फुप्फुसं आणि रक्त काही आठवड्यांत तयार होतात. स्नायू त्यांच्या मागोमाग. कंडरा आणि हाडं महिने घेतात. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. नवं भरून घट्ट व्हायला तीन महिने. रस्ता डांबरी करण्याआधी उकरतात तसं. या मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं त्याच वेळी दम सुधारलेला असतो, अंग हलकं वाटतं, मन म्हणतं आणखी पळ. लष्करात भरती झालेल्या तरुण पोरांची हाडंही पहिल्या काही आठवड्यांतच अशी दुखावतात. पाळी जाण्याच्या वयात आणि ड जीवनसत्त्व कमी असताना तर जास्तच. चालढकल करणारी बाई सहसा या दुखण्यापर्यंत पोचत नाही. मनापासून करणारी पोचते.

ताई ऐकताना रडल्या. मी त्यांना रडू दिलं. आठ आठवडे पळणं बंद. न दुखता चालता येईल तेवढं चालणं, बसून ताकदीचे व्यायाम, ड जीवनसत्त्वाची आठवड्याची मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याने, आणि नाचणी, तीळ, दूध. सकाळी मात्र यायचं. वेळ नोंदवायचं काम त्यांच्याकडे.

बाकी सगळ्यांसाठी: सलग दोन दिवस पळायचं नाही, आणि कितीही हलकं वाटलं तरी वहीत लिहिलंय त्याहून एक मिनिट जास्त नाही. दर चौथ्या आठवड्याला पळणं निम्मं.

८ मार्च

महिला दिनाच्या निमित्ताने शहरात दौड होती. गटातल्या ज्यांना जायचं होतं त्यांनी तीन किलोमीटर चालत-पळत केलं. नडगीवाल्या ताई टाळ्या वाजवायला उभ्या होत्या. ‘अंगचोर’ म्हणणारीचा अहवाल आला, १०.१. ती स्वतःहून, जिला तसं म्हणाली होती तिच्याकडे गेली आणि तिच्या शेजारून, तिच्या वेगाने चालली.

१९ मार्च

दहावी संपली, आया परतल्या. जवळपास चार आठवड्यांच्या खंडानंतर त्यांना जिथे सोडलं तिथून सुरू करायचं होतं. दोन आठवडे मागे नेलं. कुरकुर झाली. दोघींच्या टाचा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला सुई टोचल्यासारख्या दुखतात, चार पावलं चाललं की कमी. तळपायाच्या पडद्याचं दुखणं. फरशीवर अनवाणी वावर बंद, घरात मऊ चप्पल, उठण्याआधी अंथरुणातच पाऊल वर ओढून ताण द्यायचा, आणि पायरीवर टाचा हळूहळू वर-खाली. काही महिने लागतील, हे आजच सांगून ठेवलं.

२ एप्रिल

रक्त कमी असलेल्या त्या एकोणचाळीसच्या बाईला लोह सुरू होऊन सहा आठवडे. हिमोग्लोबिन १०.५. पहिल्या वळणापर्यंत ती आज न थांबता गेली. वर पोचल्यावर काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ऊन वाढलंय. सातची तुकडी साडेसहाला आणली. पाणी सगळ्यांनी घरूनच पिऊन निघायचं. मागचं दार उघडंच आहे. क्रीडा संकुलाच्या अर्जाचं उत्तर नाही, दुसरा अर्ज दिला.

२७ एप्रिल, रविवार

सोळावा आठवडा संपला. पाच किलोमीटर अकरा जणींनी न थांबता केले, काहींनी सगळे चालत. पापडवाल्या काकूंनी सुरुवातीला आणि शेवटी साखर तपासली, १३२ आणि ९८. केगेलचे तीन महिने पूर्ण. चिठ्ठ्यांचा डबा परत फिरवला. बहुतेकींना फरक आहे, दोघींना नाही. त्या दोघींना आता नीट तपासून वेगळं शिकवावं लागेल.

गळती झालेल्या सहा जणींची कारणं वहीत आहेत: एकीला परवानगी नाही, एकीची सासू अंथरुणाला खिळली, एकीची बदली, दोघींचे गुडघे, एकीचं रात्रपाळीचं काम. गुडघेवाल्या दोघींना मे महिन्यात वेगळा, बसून आणि सपाटीवरचा कार्यक्रम देतेय. नव्या तुकडीच्या नोंदणीच्या कागदावर आता गोळ्यांची नावं, पाळीचे दिवस, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का, आणि घरी पाण्याची वेळ, हे प्रश्न आहेत. जूनमध्ये किल्ल्याच्या रस्त्यावर शेवाळ धरायच्या आत पावसाळ्यासाठी सभागृह बघायचं आहे.

नडगीवाल्या ताईंना डॉक्टरांनी गुरुवारी परवानगी दिली. बोट दाबून बघितलं, दुखत नाही. एका पायावर दहा उड्या, दुखत नाही. आजपासून चार मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं, असं पाच वेळा, एक दिवसाआड. पुढची तपासणी ५ मे. यवतेश्वर या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. ते त्यांनी स्वतःच सांगितलं.